फिल्टर लावायला आलेला माणूस

"झालं, आजी," असं तो म्हणाला आणि आतल्या खोलीतून ऑनलाइन रमीची टिंगटिंग ऐकू आली. माझा मुलगा परत खेळत होता. तो जुगार बंद झाल्याशिवाय सून नातीला घेऊन माहेरून येणार नव्हती, म्हणून वायफायवर अशा साइट अडवणारा फिल्टर लावायला मी या माणसाला आमच्या वारज्याच्या घरी बोलावलं होतं.

"अहो, मग तुम्ही बंद काय केलंत?"

तो चिडला नाही. त्याने आपल्या फोनची काच शर्टाला पुसली. काही विचारलं की तो आधी काच पुसायचा. "साइट उघडण्याआधी फोन तिचा पत्ता विचारतो. आपलं वायफाय आता रमीच्या साइटचा पत्ता सांगत नाही. पण तुमच्या मुलाचा फोन तो बाहेर दुसऱ्याच कुणाला तरी विचारतोय."

मग स्टुलावर चढून त्याने बराच वेळ वायफायच्या डबीशी खटपट केली आणि तीही वाट बंद केली. आवाज थांबला. मला हायसं वाटलं. तेवढ्यात मुलाने सिमचं नेट चालू केलं आणि टिंगटिंग पुन्हा सुरू झाली.

"ते माझ्या हातात नाही," तो खाली उतरत म्हणाला. "माझ्याही घरी लावलाय, आजी. धाकटा भाऊ गच्चीवर जाऊन खेळतो."

"मग लोकांकडे कशाला लावत फिरता?"

त्याने काच पुसली. "लोक बोलावतात."

खोटा धीर देऊन तो जाऊ शकला असता. तो त्याने दिला नाही. मीही सुनेला खरं तेच सांगितलं. ती आली नाही. आता या घरात मी आणि मुलगा राहतो.