दाढ, कावीळ आणि उघडं दार

सुई हिरडीला टेकणार, तेवढ्यात केशवरावांनी माझं मनगट धरलं.

"थांबा मॅडम. मला कावीळ हाय. रक्तातली. मघाशी न्हाई म्हनलो, ते खोटं होतं."

"अवो, गप बसा की!" दारात उभी असलेली त्यांची बायको, प्रयागबाई, कळवळून म्हणाली.

सेलूतला माझा दवाखाना लहान. कूलरची हवा यावी म्हणून मधलं दार उघडंच असतं. बाहेर बाकावर बसलेल्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला.

रक्तातली कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी. हा व्हायरस रक्तातून पसरतो आणि लिव्हर खातो. सी आणि एचआयव्हीसुद्धा रक्तातून पसरतात. दात काढताना रक्त येणारच, म्हणून आम्ही प्रत्येकाला आधी विचारतो. आपल्याला ही कावीळ आहे, हे केशवरावांना रक्तदान शिबिरात कळलं होतं.

"मग विचारलं तेव्हा काय झालं होतं सांगायला?" मी तडकले. माझा स्वभावच तापट, इलाज नाही.

"दोन ठिकानी खरं सांगितलं मॅडम. दोनीकडून वापस लावलं. म्हनून हिनं शिकवलं, इथं बोलू नका. परवा टोळी ऊसतोडीला निघायलीय, अन् ही दाढ लय ठणकायलीय. पर ह्या ताई दोन जिवाच्या हायत. त्यांचा हात माझ्या रक्तात जानार. न्हाई राहवलं."

ताई म्हणजे माझी असिस्टंट रेखा. तिला सातवा महिना होता. आम्हा दोघींची लस झालेली, हातात ग्लोव्हज, डोळ्यांवर चष्मे. अवजारं ऑटोक्लेव्हमधून काढलेली. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, त्यात वाफेनं जंतू मरतात. यातलं त्या माणसाला काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की बोललो तर तिसऱ्यांदा हाकलतील आणि पू भरलेला गाल घेऊन फडात उतरावं लागेल. तरी तो बोलला. इतक्या वर्षांत असा माणूस पाहिला नव्हता.

मी सुई बाजूला ठेवली. केशवराव उठायला लागले.

"कुठं निघालात? बसा खाली. दाढ मीच काढणार आहे. आधी रक्त तपासू."

लिव्हर बिघडलेलं असेल तर रक्त लवकर गोठत नाही, दाढ काढल्यावर थांबता थांबत नाही. नमुना लॅबला पाठवला आणि मी बाहेर आले. तिथं कुजबुज सुरू झाली होती. एक व्यापारी पोरीचा हात धरून उभा होता.

"मॅडम, त्याच खुर्चीत आमच्या पोरीला बसवायचं का?"

"बिनधास्त बसवा. प्रत्येक पेशंटनंतर खुर्ची पुसतो, अवजारं बदलतो. नसेल पटत तर दुसरीकडं जा. तिथं तुमच्या आधी कोण खोटं बोलून बसलंय, हे मात्र विचारू नका!"

तो तणतणत गेला. त्याच्यामागं आणखी दोघं उठले. बाकावर एकटे गुरुजी उरले. रिटायर्ड माणूस. अर्धं सेलू त्यांच्या हाताखालून गेलेलं.

"मी थांबतो," ते म्हणाले.

दुपारी रिपोर्ट आला. रक्त व्यवस्थित गोठत होतं. दाढ निघाली, पू निघाला, केशवरावांचा आखडलेला चेहरा सैल झाला. प्रयागबाई पाया पडायला वाकली.

"पाया नको. गोळ्या वेळेवर द्या. तुमची आणि लेकरांची तपासणी करून लस घ्या. अन् यांचं लिव्हर मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

ते गेल्यावर गुरुजी आत आले. आल्या आल्या त्यांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, मलाही तेच आहे. कितीतरी वर्षांपासून."

"अहो गुरुजी! मी तुमच्या दोन दाढा काढल्यात!"

"हो. तुम्ही विचारलं होतं. मी नाही म्हणालो." त्यांचे डोळे भरले. "त्यानं चारचौघांत सांगितलं. मला एकट्यात जमलं नाही."

मला रागवावंसं वाटलं, पण रागावता आलं नाही. त्यांच्या दाढांच्या वेळीही ग्लोव्हज होते, ऑटोक्लेव्ह होता. तेवढ्यावर निभावलं होतं.

खरं सांगितलं तरी मॅडम हाकलत नाहीत, ही बातमी गावात फिरायला कितीसा वेळ लागतो! पुढच्या काही आठवड्यांत आणखी काही जुने पेशंट आले आणि हळूच सांगून गेले. कुणाला बी, कुणाला सी. आमच्याकडं असल्या केसेस क्वचित, असं मी कॉन्फरन्समध्ये ठासून सांगायचे. क्वचित कसल्या, माझ्याच खुर्चीत बसून गेल्या होत्या.

समोरचा प्रत्येक पेशंट पॉझिटिव्हच समजायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. नवीन डॉक्टर विचारतात, लोकांवर एवढा संशय कशाला? मी सांगते, संशय नाही रे. केशवराव एखादाच असतो. बाकीचे आपले गुरुजी, आणि दाढ त्यांचीही काढायची असते.