अण्णांचे कान, माझी मिशी

"नर्व्ह डेफनेस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कानातून मेंदूकडे आवाज नेणारी नसच निकामी झालेली. तेल घालून, मळ काढून उपयोग नाही. गेलं ते परत येणार नाही.

माझे वडील, अण्णा, समोरच बसले होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे न पाहता हे मला सांगितलं.

अण्णा जालन्यातल्या एका जिनिंगमध्ये वीस वर्षं कामाला. तिथे कापसातून सरकी काढणारी यंत्रं पत्र्याखाली ओळीनं धडधडतात. शेजारच्या माणसाशीही खुणेनं बोलावं लागतं. दवाखान्याच्या कागदावर मात्र कारण सरकारी भाषेत, म्हणजे उर्दूत लिहिलं : जईफी. म्हातारपण! अण्णांची पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती. मी भांडलो.

"आवाजानं होतं, हे मलाही कळतं," डॉक्टर म्हणाले. "पण कागदावर ते लिहिता येत नाही."

का येत नाही? दवाखाना आणि जिनिंग आतून एक आहेत, हे मी त्याच दिवशी ओळखलं.

घरी अण्णा संशयी झाले. चुलीपाशी माय आणि मी बोलू लागलो की म्हणत, "माझंच चाल्लंय न्हवं?"

"न्हाई हो!" माय ओरडे. इतक्या मोठ्यानं, की शेजारीण दारात येई आणि अण्णांना वाटे, बायको आपल्याला झापते आहे. पुढे ते एकटेच जेवू लागले.

खरं सांगतो, त्यांचंच चाललेलं असे. त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतल्याचं मुकादमानं आमच्या दाराशी येऊन मला बाजूला बोलावून सांगितलं होतं. "जरा बरं वाटलं की जातो कामावर," असं अण्णा रोज म्हणत आणि आम्ही दोघं माना डोलवत असू.

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं खाजामियाँचं नाव सांगितलं. स्टेशनातले जुने तारबाबू, आता स्वतः ठार बहिरे. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी गावातल्याच कादराबाद मोहल्ल्यातल्या त्यांच्या ओट्यावर बहिरी माणसं जमत आणि ओठ पाहून बोलणं ओळखायला शिकत. पैसा घेत नसत.

मी सावध झालो. आम्हां वाचनालय चालवणाऱ्या पोरांना साधी सभा भरवायची तर सरकारी परवानगीसाठी खेटे घालावे लागत. यांची बैठक दर आठवड्याला बिनबोभाट कशी? त्यातून ओठ वाचणारी माणसं! चौकात आम्ही काय कुजबुजतो ते लांबून टिपणारे डोळे सरकारला हवे नसतील काय?

अण्णांना घेऊन गेलो आणि सरकार तुम्हांला कसं जमू देतं, असं तोंडावरच विचारलं. खाजामियाँ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"मिशी बोलून राह्यली, बेटा. होठ कुठंयत?"

ओटा हसला. मी प्रश्न पाटीवर लिहून दिला. त्यांनी वाचला.

"पोलीसठाण्याचे अमीनसाहेब आल्ते की चौकशीला. आम्ही बिनआवाजी बोलून राह्यलो होतो. घटकाभर बसले, ऐकायला कायच न्हाई. उठून गेले."

माझं समाधान झालं नाही. मग त्यांनी नियम सांगितले. घरातलं एक ऐकू येणारं माणूस बरोबर हवं. त्यानं उजेडाकडे तोंड करायचं, ओरडायचं नाही, तोंडात पान नको. आणि मिशी उतरवायची.

मी ताडकन उठलो. आमच्यात बाप गेल्यावर मिशी उतरवतात. बाप शेजारी बसलेला असताना? हा आमच्या धर्माचा मुद्दाम केलेला अपमान आहे, असं बजावून निघालो. समोर एका माळ्याचा पोरगा सफाचट ओठानं बसला होता, बाप शेजारी जिवंत. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

विधवांच्या केशवपनाविरुद्ध मी पत्रकं काढली आहेत. रूढीपुढे मान तुकवू नका, असं लोकांना छापून सांगितलं आहे. स्वतःच्या ओठावरच्या केसांसाठी मात्र तीन शुक्रवार घरी बसलो. अण्णा एकटे जात राहिले, दुसऱ्याच्या पोरासमोर बसत राहिले.

"ठेव बाबा, ठेव मिशी," माय म्हणाली. "बापाशी बोलायचंच न्हाई तुला. मंग कशाला पाह्यजे होठ?"

चौथ्या शुक्रवारी सकाळी न्हाव्याकडे गेलो. घरात शिरलो तर अण्णा दचकले.

"आरं, मी जित्ता हाय की!"

माय पोट धरून हसली. मी दारातल्या उजेडात त्यांच्यासमोर बसलो आणि सावकाश म्हणालो, "जिनिंगमधून तुम्हांला काढलंय."

"काढलं," अण्णा म्हणाले. "मुकादमाच्या तोंडावर मी कवाच वाचलं व्हतं. तुम्ही कवा सांगता, ते बघून राह्यलो."

माझी मान खाली गेली.

"मान वर कर. तोंड दिसत न्हाई."

ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांनी माणसाला आधी खरं सांगावं, मग औषध शोधावं. खाजामियाँचे आभार मी मानले आहेत. त्यांच्या ओट्यावर कोण येतं-जातं, यावर माझी नजर अजून असते. पण आता शुक्रवारी अण्णांना मीच नेतो आणि त्यांच्यासमोर उजेडात बसतो. त्यांना सांगायचं अजून बरंच राहिलं आहे.