दीड किलोची पाटी

ईश्वरा चौगुले मिस्त्रीनं तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या बांधल्या. दुप्पट ऊस भरला तरी त्याचा सांगाडा वाकत नसे, आणि प्रत्येक ट्रॉलीवर तो आपल्या नावाची जाड लोखंडी पाटी ठोकत असे. ‘हलकं काम’ ही त्याच्या लेखी शिवी होती.

नेमक्या ह्याच माणसाला मंगळवार पेठेतल्या अभिराम सरांनी, स्वतः बांधत असलेल्या छोट्या विमानासाठी, जुन्या मारुतीचं इंजिन तयार करायला दिलं. वजन सत्तर किलोच्या आत हवं, नाहीतर विमान जमीन सोडणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

मिस्त्रीनं इंजिन धरून ठेवणारा सांगाडा सवयीनं ट्रॉलीच्याच लोखंडातून केला, वर पाटी ठोकली आणि सगळं गुळाच्या अडत्याकडे काट्यावर चढवलं. भरलं ब्याण्णव किलो.

“मिस्त्री, ह्ये इमान हाय का रोडरोलर?” अडत्यानं विचारलं.

महिनाभर मिस्त्री आपल्याच कामाला भोकं पाडत बसला. दर भोकाला त्याचा चेहरा पडे. शेवटी काटा एकाहत्तरवर अडला. काढण्यासारखी आता फक्त पाटी उरली होती.

“ती न्हाई काढायची,” तो बायकोला म्हणाला.

“मग ऱ्हाऊ द्या की. सर चालवत नेतील इमान गडहिंग्लजपतोर,” यशोदाबाई म्हणाल्या. “अवो, नाव रंगानं लिवा.”

पाटी निघाली, दीड किलो उतरले. मिस्त्रीनं ब्रशनं नाव लिहिलं, रंग वाळू दिला आणि इंजिन पुन्हा काट्यावर चढवलं. रंगाचा त्याला भरवसा नव्हता.