डिनीच्या बंदुकीवरचं नाव

शनिवारी सकाळी ल्यूकनच्या आमच्या घरून डिनीकडे निघालो. बायकोने डब्यात थालीपीठं दिली आणि बजावलं, "बंदूक मिळाली की फोन कर, कपाटात जागा करते." आमच्या लोखंडी कपाटात परवान्याच्या काही जुन्या बंदुका आहेत. सगळ्या दुसऱ्या महायुद्धातल्या, छऱ्याच्या. एक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप वर येणाऱ्या. मी पुण्याचा, आयटीतला माणूस. हे वेड मला लावलं डिनीने.

डिनी स्लायगोच्या पलीकडच्या खेड्यातला म्हातारा आयरिश शेतकरी. नेमबाजीच्या मैदानावर ओळख झाली. त्याच्याकडे अशीच, पाठीवर कुबडासारखा चौकोनी उंचवटा असलेली एक अमेरिकन बंदूक होती. विमानातल्या सैनिकांना उडत्या निशाणांवर सराव देण्यासाठी युद्धात अशा बंदुका वापरत. उत्तरेकडच्या ब्रिटिश भागातल्या तळावरचा एक अमेरिकी पोरगा हद्द ओलांडून डिनीच्या घरी जेवायला यायचा. ती बंदूक त्याने कशी आणली, हे कोणी विचारलं नाही. एकदा ती डिनीच्या वडिलांकडे ठेवून गेला तो परतलाच नाही. त्याचं विमान समुद्रात पडलं. लाकडी दस्त्यावर त्याने चाकूने स्वतःचं नाव कोरलं होतं.

मागच्या महिन्यात डिनीचा फोन आला. "डोळे गेले रे माझे. आता ती तुझ्याकडे राहू दे."

वाटेत मलिंगारला चहा घेतला. पुढे दलदलीची तपकिरी माळरानं, मग स्लायगोचा सपाट माथ्याचा डोंगर. फोनवरच्या नकाशाने मला एका मेंढ्यांच्या वाड्यात नेऊन सोडलं. ट्रॅक्टरवरचा माणूस हसला. "युअर मॅन (म्हणजे 'तो अमका') डिनीकडे ना? मागे फीर, आणि समुद्र लागला की थांब."

दार डिनीच्या पुतणीने, ऊनाने उघडलं. नोकरी सोडून ती त्याची सेवा करते. तिने चहा आणि घरचा सोडा-ब्रेड पुढे ठेवला आणि उत्साहाने म्हणाली, "तुम्हा दोघांसाठी गंमत आहे. काकांनाही अजून माहीत नाही."

तिने घोंगडीतून बंदूक काढली. बंदूक आरशासारखी चमकत होती. लोखंडावरचा सैन्याचा ठसा घासून नाहीसा केलेला. दस्ता कोरा, नव्या अक्रोडाचा.

"कारागिराकडून करून घेतली. ग्रँड (झकास) झालीय ना?"

"जुना दस्ता?" मी विचारलं.

"तडकला होता, तेलकट झाला होता. शेगडीत घातला."

डिनीने हात पुढे केले. मी बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचा अंगठा दस्त्यावरून फिरला, थांबला, मागे आला, पुन्हा फिरला.

"पोराचं नाव कुठंय?" डिनीने तोंड माझ्या दिशेला वळवलं. "तू सांग. तुला दिसतंय ना?"

"नाव नाही, डिनी. दस्ता बदललाय."

त्याने अंगठा उचलला. मग म्हणाला, "माझी आई दर रविवारी त्या नावावरून फडकं फिरवायची. त्याच्या घरच्यांना पुरायला काहीच मिळालं नव्हतं." बंदूक त्याने दूर ढकलली. "ही आमची नाही. कोणाची असेल त्याला दे."

मला ती घेववेना. तिथेच ठेवून निघालो. ऊना फाटकापर्यंत आली. तिचे डोळे लाल झाले होते. "नाव आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? त्यांना दिसत नाही."

"त्याच्या अंगठ्याला कळलं होतं, ऊना."

"मग मला एकटीला सांगायचं होतं तुम्ही!" असं म्हणून तिने फाटक लावून घेतलं.

परतताना सगळी वाट पावसात गेली. कोणावर तरी चिडायचं होतं. पण जिने नाव जाळलं तीच त्या म्हाताऱ्याला रोज न्हाऊ-माखू घालते, भरवते. तिने प्रेमापोटी केलं, मी खरं बोललो, आणि त्या आंधळ्या माणसाच्या हातात काहीच उरलं नाही. त्या पोराचं नाव डिनीने मला कितीदा तरी वाचून दाखवलं होतं. दर वेळी मी ठसा पाहिला, नळी पाहिली, घोडा पाहिला. आज गाडी चालवताना ते नाव आठवायचा प्रयत्न केला, तर पहिलं अक्षरसुद्धा आठवेना.