आवाज : शून्य

‘ताई, तुम्ही सर्वांत जास्त कुठल्या पिच्चरला घाबरलात?’ हा प्रश्न वाचक मला नेहमी विचारतात, आणि मी दर वेळी वेगळंच नाव ठोकून देते. खरं उत्तर एकच आहे. ते आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याचा तो पिच्चर आहे त्या माणसाला तर नाहीच. का नाही, ते सांगायलाच आज बसले आहे. पण जरा इकडून तिकडून येऊ द्या. एकदम सांगायला धीर होत नाही.

आधी माझं वेड सांगते. मी राहते रहाटणीत आणि नोकरी करते चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात. आणि गेली तेरा वर्षं मी ‘भुताची तपासणी’ नावाचा ब्लॉग लिहिते. त्यात फक्त गरीब भयपट. गरीब म्हणजे कसे? भूत म्हणजे दिग्दर्शकाचा मेहुणा, रक्त म्हणजे बीटाचा रस, स्मशान म्हणजे मामाच्या प्लॉटवरची बाभळीची झाडं! मोठ्या पिच्चरांवर लिहायला पुष्कळ शहाणे आहेत. माझा जीव अडकतो तो या चार मित्रांनी रजा टाकून केलेल्या पिच्चरांत. एकदा एक हडळ विहिरीतून वर आली ती पायात सेफ्टी शूज घालून! मी आनंदानं खुर्चीवरून उठलेच. थेट शिफ्टवरून आली होती बिचारी. असले दोष मला पहिल्या फटक्यात दिसतात, कारण दिवसभर माझं कामच ते आहे — पार्ट हातात घ्यायचा, फिरवायचा, ओरखडा शोधायचा.

परीक्षणही मी कंपनीच्या तपासणी अहवालासारखंच लिहिते. पाच रकाने — भूत, रक्त, कथा, नट, आवाज. प्रत्येकाला दहापैकी गुण. लोकांना हे फार आवडलं. पोरं पिच्चर बनवायची आणि मला पाठवायची, ‘ताई, रक्ताला आठ तरी द्या’ म्हणून गळ घालायची. पिंपरीत काही हौशी मंडळी वर्षातून एकदा हॉल घेऊन दिवसभर असे पिच्चर दाखवतात. कुठले घ्यायचे हे ठरवताना तीही माझे गुण बघायची. मला केवढी ऐट होती म्हणून सांगू!

आता पहिली गोष्ट कबूल करते. ही लहान आहे, हसून घ्या. मी भयंकर भित्री आहे.

खरंच सांगते. भूत दिसलं की मला काही होत नाही, पीठ लावलेला माणूस तो, त्याला काय भ्यायचं? पण दार करकरलं, मागून कुणी श्वास घेतला, की मी उशीत तोंड खुपसते. भीती माझ्या कानांतून आत शिरते. म्हणून मी एक युक्ती काढली. रिमोटच्या म्यूटच्या बटणावर अंगठा ठेवूनच बसायचं. नायिका मेणबत्ती घेऊन एकटी निघाली की दाबलं बटण. मग उरतो तो तमाशा — मी खदाखदा हसते, चुका टिपून ठेवते. नवऱ्याला वाटायचं, त्याची दुपारची झोप मोडू नये म्हणून मी आवाज बंद ठेवते. किती समंजस बायको मिळाली म्हणायचा.

आणि पाचवा रकाना? आवाजाचा? तो मी अंदाजानं भरायचे. सहा, सात, कधी पाच. कुणाला कळणार होतं?

तुम्ही कारखान्यात काम केलं नसेल तर याचं पाप तुम्हाला कळणार नाही. न मोजता रीडिंग भरणं — आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. पार्ट खराब निघाला तर चालतं, तो लाल पेटीत टाकता येतो. पण न मोजताच आकडा लिहिला तर सगळा कागदच खोटा. असा आकडा लिहिणाऱ्या माणसांना मी सगळ्या विभागासमोर फाडून खाल्लेलं आहे. आणि घरी, दर गुरुवारी, पाय वर घेऊन, चिवडा खात, मी तेच करत होते.

गुरुवारी आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी असते, म्हणून गुरुवार. हा वार लक्षात ठेवा.

आम्हाला पत्र्याचे पार्ट पुरवणारं एक छोटं वर्कशॉप आहे. एका शेडमध्ये आठ-नऊ प्रेस मशीन, ठोका मारून पत्र्यातून पार्ट कापणारी. तिथे तपासणीला मी महिन्यातून दोनदा जायचे. तिथे मी रिजेक्ट म्हटलं की रिजेक्ट, मालकसुद्धा वाद घालत नसे. सात नंबरच्या मशीनवर नामदेव गायके नावाचे ऑपरेटर होते, मराठवाड्यातून आलेले, पन्नाशीकडे झुकलेले, अबोल. एकदा चहाच्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून दोन्ही हातांनी पुढे केला.

“ताई, मी तुमचं समदं वाचतो. ह्यो पिच्चर मी केलाय. बारका हाय, अडतीस मिनिटांचा. पण हेडफोन लावून बघा. तेवढं करा.”

हेडफोन लावून बघा. एवढं एकच मागणं होतं त्या माणसाचं.

पिच्चरचं नाव ‘सुट्टीची पाळी’. मालकानं गुरुवारी शेड वापरू दिली होती, तिथेच दोन वर्षं गुरुवार-गुरुवार करून शूटिंग केलेलं. मी बघायला बसले. सुट्टीच्या दिवशी एक वॉचमन बंद शेडमध्ये एकटा. बाराव्या मिनिटाला तो आतल्या दारापाशी कान लावून उभा राहिला आणि माझा अंगठा आपोआप दाबला गेला. पुढे काय? सात नंबरचं मशीन. बंद. कॅमेरा हलत नाही. वॉचमनच्या तोंडाला घाम. पुन्हा मशीन. बंदच. अकरा मिनिटं! भूत नाही, रक्त नाही, बाभळीचं झाडसुद्धा नाही. मी वैतागले. पण आवाज चालू केला का? नाही. बटण दाबायला कितीसे कष्ट पडले असते?

मग मी लिहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. ‘अकरा मिनिटं बंद मशीन बघितलं. दिग्दर्शकाला चालू करायचं बटण सापडलं नसावं.’ आणि शेवटी, पाचव्या रकान्यात — ‘आवाज : शून्य. ध्वनिमुद्रक सुट्टीवर असावा, नाहीतर बहिरा.’

इतके हसले लोक! दहा वर्षांत माझ्या कुठल्या वाक्यावर इतके हसले नसतील. गायके भाऊंनी पिंपरीलाही तो पिच्चर दिला होता; तिथल्या मंडळींनी तो यादीतून काढून टाकला. आणि दोन दिवसांनी गायके भाऊंचा मेसेज आला. रागाचा असता तर बरं झालं असतं हो. त्यांनी एवढंच विचारलं होतं — ताई, आवाज कितव्या मिनिटाला गेलाय तेवढं कळवा, मी फाइल तपासतो.

कळलं ना तुम्हाला? त्यांनी ते परीक्षण म्हणून वाचलंच नव्हतं. मी पार्ट नाकारला होता. मी नाकारला म्हणजे दोष असणारच, आणि दोष आपला असणार — आता तो शोधून काढायचा.

मी काय उत्तर द्यायला हवं होतं? की मी ऐकलाच नाही. दोन शब्द. पण दहा वर्षांची ऐट, ते पाच रकाने, आणि एवढ्या-तेवढ्याला दचकणारी मी. मी उत्तर पाठवलं, ‘बाविसाव्या मिनिटापासून.’ का बावीस? काही कारण नाही. आकडा भरायची सवय होती, भरला.

त्यानंतर मला चैन पडेना. चोराच्या मनात चांदणं. पुढच्या गुरुवारी, भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, खाली भाजीवाल्याची आरोळी चालू असताना, मी आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन लावून भयपट बघायला बसले. आणि आता मला लिहू द्या, कारण हे लिहायला माझे हात किती वर्षं शिवशिवताहेत!

काय पिच्चर आहे तो! ऐका. मशीन समोर बंद उभं आहे, आणि आवाज सुरू होतो. आधी छपरावरच्या पत्र्यावर कबुतरांची नखं. मग कुठेतरी तेलाचा थेंब. मग लांब, भिंतीपलीकडे — ठक्क. प्रेसचा ठोका. मशीन हललेलं नाही, बरं का, तुमच्या डोळ्यांसमोर आहे ते! पुन्हा ठक्क. ठोके जवळ यायला लागतात आणि त्यांना लय येते. प्रेस शॉपमध्ये उभं राहिलेल्या प्रत्येकाच्या अंगात ही लय मुरलेली असते — पत्रा सरकतो, सर्रर्र. ठोका पडतो, ठक्क. पार्ट पेटीत पडतो, खण्ण. सर्रर्र, ठक्क, खण्ण. सर्रर्र, ठक्क, खण्ण. कितीतरी वेळ हेच. तुम्ही त्या लयीवर श्वास घ्यायला लागता, तुम्हाला चक्क बरं वाटायला लागतं! आणि मग बाविसावं मिनिट येतं. सर्रर्र. ठक्क. आणि खण्ण येतच नाही. पार्ट पडतच नाही. त्याऐवजी काहीतरी मऊ, ओलं, हळूच पेटीत पडतं. आणि लय पुन्हा सुरू होते.

मी किंचाळले. नवरा झोपेतून उठून धावत आला. पडद्यावर एक बंद मशीन होतं, बाकी काही नाही, आणि मी तोंडावर हात धरून रडत होते. त्या ठोक्याखाली हात गेलेला माणूस मी पाहिलेला आहे. आमच्या पट्ट्यात कुणी पाहिलेला नाही? भूत न दाखवता, रक्ताचा थेंब न सांडता, एका माणसानं फक्त एक आवाज गाळला आणि आमचं सगळ्यांचं भय जसंच्या तसं समोर ठेवलं. दहा वर्षं मी ज्या पिच्चरची वाट बघत होते तो हाच होता! आणि तो माझ्याकडे चालत आला होता, दोन्ही हातांनी.

मग मी काय केलं? परीक्षण बदललं? गायके भाऊंना फोन केला? पिंपरीच्या मंडळींना सांगितलं? त्यांच्या कार्यक्रमाला अजून तीन आठवडे होते. मी पेन ड्राइव्ह कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला. त्या वर्कशॉपची तपासणी दुसऱ्या सहकाऱ्याला देऊन टाकली. आणि त्याच आठवड्यात एका नव्या पिच्चरला, न ऐकता, आवाजाचे सात गुण दिले.

दोन वर्षांनी ते मला पिंपरी कॅम्पात भेटले, चादरींच्या दुकानापाशी. सोबत बायको होती. मला वाटलं, तोंड फिरवतील. ते हसत पुढे आले. कानात ऐकण्याचं मशीन होतं.

“ताई, तुमचे उपकारच झाले,” ते म्हणाले. जरा मोठ्यानं बोलत होते. “बाविसावं मिनिट मी शंभरदा ऐकलं. मला आवाज यायचा. पण तुमी न्हाई म्हणताय म्हणल्यावर मी कान तपासून घेतले. डावा गेलाय, उजवा निम्मा. डाक्टर म्हणले, मशीनवर बसून बसून असं होतंय. म्हंजी मला मनातल्या मनातच ऐकू यायचं बगा. उगं लोकांना दाखवत फिरलो असतो.”

“आता नवीन काही?” मी विचारलं. विचारायला जीभ कशी वळली कुणास ठाऊक.

ते हसले. “आता कानावर भरवसा न्हाई, ताई. फाइल बी पुसून टाकली.” बायकोनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि ते दोघं गर्दीत गेले.

तेव्हाही मी बोलले नाही. कानातल्या मशीनमुळे त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. मी दोन हातांवर होते. आणि मी चादरींचे रंग बघत उभी राहिले.

पुढे मी स्वतःची बरीच समजूत घातली. माझ्यामुळेच ते दवाखान्यात गेले, कान आणखी बिघडायचे वाचले, एका अर्थी भलंच झालं. हे मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं आहे की पाठ झालंय. त्यात काही अर्थ नाही. त्यांचा एक कान गेला होता, दुसरा निम्मा, आणि त्या निम्म्या कानानं, बहुधा मशीनवर तळहात टेकवून, ठोका अंगात घेऊन, त्यांनी जे ऐकलं ते अचूक होतं. त्यांचा स्वतःवरचा भरवसा मशीननं नेला नाही. तो मी नेला.

पेन ड्राइव्ह अजून साड्यांखाली आहे. गेल्या गुरुवारी मी तो पुन्हा लावला. पुन्हा घाबरले, तितकीच, आणि तितकाच आनंदही झाला. मग ब्लॉग उघडला आणि ते जुनं परीक्षण काढलं. पाचवा रकाना खोडला आणि ज्या माणसानं मला फक्त ‘कितव्या मिनिटाला’ एवढंच विचारलं होतं, त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर तिथे लिहिलं. तेच इथेही लिहिते.

गायके भाऊ, बाविसाव्या मिनिटाला आवाज आहे.