माझा उजवा कोपरा

आमच्या घरात दोघंही कोपऱ्यातले. हे कबड्डी खेळायचे डाव्या कोपऱ्यात, मी उजव्या. कोपऱ्यावर उभं राहणाऱ्याचं काम साधं असतं. चढाईला आलेल्याच्या पायांवर नजर ठेवायची आणि तो परतायला वळला की घोटा धरायचा. या खेळाने ह्यांना महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी मिळवून दिली. मला एक पितळी कप आणि नवरा मिळवून दिला. ह्यांच्या थोरल्या भावाने मला पोलादपूरच्या स्पर्धेत पाहिलं आणि वर आमच्या वाडीत मागणी घालायला माणसं पाठवली.

लग्नानंतर खेळू नको असं मला सासरी कुणी म्हटलं नाही. आई तेवढी म्हणाली होती, "आता चड्डी घालून उभं ऱ्हायाचं नाय गो." पण तिच्या बोलण्याने खेळ सुटला नाही. मुलगी झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, भाताची दोन खाचरं माझ्या गळ्यात आली. एके दिवशी लक्षात आलं की मैदानावर गेल्याला बरीच वर्षं झाली.

त्याआधी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ह्यांचा खांदा निखळला. बरा झाला, पण पकडीचा जोर गेला. कारखान्याच्या संघातल्या पोरांना बचाव शिकवायचं काम ह्यांच्याकडे आलं. एका दुपारी मी खळ्यात भात वारवत होते, तर हे समोर येऊन उभे राहिले.

"तू घोटा धरतेस तेव्हा समोरची तुला फरफटत नेत नाही. ते कसं?"

मी सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, या चढाईला. हे आले, वळले, आणि पेंढ्यावर आडवे झाले. मी काही वेगळं करत नव्हते. घोटा छातीशी ओढून घेताना अंग मध्यरेषेच्या बाजूला टाकायचे, म्हणजे समोरचीची परतायची वाट बंद व्हायची. हे कपडे झटकून उठले आणि म्हणाले, परत दाखव. उन्हं उतरेपर्यंत मी ह्यांना पाडत होते. लग्नानंतरची माझी सगळ्यात आनंदाची दुपार कोणती असं कुणी विचारलं तर मी तीच सांगेन.

ती पकड ह्यांनी पोरांना शिकवली आणि तिथून ह्यांची वाट सुरू झाली. आधी कारखान्याचा संघ, मग जिल्ह्याचा, मग राज्याचा कुमार संघ. टीव्हीवर दिसणारी मोठी लीग सुरू झाली तेव्हा एका संघाने ह्यांना बचावाचे प्रशिक्षक म्हणून बोलावलं. ह्यांनी नोकरी सोडली. एक वर्ष उत्तरेकडचा संघ, पुढे दोन वर्षं दक्षिणेकडचा, मग आणखी कुठला. संघ हरला की आधी बचावाचा माणूस बदलतात, जिंकला की चढाईवाल्याला खांद्यावर घेतात. मुख्य प्रशिक्षक हे कधीच झाले नाहीत, आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत. घरी आले की लॅपटॉपवर चढाया बघत बसायचे. कुणाचा कुठला पाय आधी उचलला जातो, कोण दमला की डावीकडे सरकतो, याच्याच गप्पा.

आणि प्रत्येक मुलाखतीत सांगायचे, ही पकड माझ्या बायकोची. माझं काही चोरलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण ह्यांनी जे घेतलं ते माझ्या नावासकट घेतलं. गावात लोक म्हणायचे, नशीब काढलंस गो, नवरा जगाला तुझं नाव सांगतो. मी हो म्हणायचे आणि आतून जळायचे. मला नाव नको होतं. मला ते मैदान हवं होतं.

सामना लागला की शेजारच्या बायका आमच्याकडे जमायच्या. कॅमेरा बाकाकडे वळला की मला ढोसायच्या, बघ, दिसले. मध्ये खेळ थांबला की हे कोपऱ्यावरच्या पोराच्या मानेवर हात ठेवून त्याच्या कानात बोलायचे. काय सांगत असतील ते मला कळायचं. घाई नको, त्याचा मागचा पाय रेंगाळतोय. घरी चटईवर बसून हे सगळं कळायचं, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. पोराने पकड केली की तिकडे हजारो माणसं उठून उभी राहायची. मी खेळले तेव्हा चुन्याच्या फक्कीच्या रेघेपलीकडे कडेवर पोरं घेतलेल्या बायका असायच्या, आणि शाळेचा शिपाई.

काही वर्षांपूर्वी हंगाम संपल्यावर हे एका खेळाडूला घरी घेऊन आले. हरियाणातला पोरगा, लीगमधला नावाजलेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तो घरी गेला तर शेतात ट्रॅक्टर चालवील आणि गुडघा वाया घालवील, म्हणून हे त्याला आमच्याकडे ठेवणार होते. तो खेळायचा उजव्या कोपऱ्यात. ते कळल्यावर मी स्वयंपाकघरात गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही.

ज्या माणसाने कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं तो सकाळी त्या पोरासाठी अंडी उकडू लागला. मासळीवाल्याकडून बर्फ आणून त्याचा गुडघा शेकू लागला. सावित्री नदीच्या काठाने त्याला हळूहळू चालवत न्यायचा, वाटेत थांबवून पाऊल कसं टाकतो ते वाकून बघायचा. पूर आला त्या वर्षी घरातला चिखल मी आणि मुलीने उपसला होता. तेव्हा हे शिबिरात होते. रोज फोन मात्र करायचे.

बरं, पोरगा वाईट असता तर बरं झालं असतं. तो आपलं ताट आपण घासायचा, तांदळाच्या भाकरीचं कौतुक करायचा, मला आंटीजी म्हणायचा. एकदा ओट्याशी येऊन म्हणाला, "सर कहते हैं वो पकड़ आपकी है. एक बार दिखा दो." मी म्हटलं, माझी आमटी उतू जाईल. हे दारातच उभे होते.

जरा चालायला लागल्यावर त्याला रायगड बघायचा होता. पायऱ्या शक्य नव्हत्या, म्हणून हिरकणीवाडीतून रोपवेने वर गेलो आणि उतरल्यावर पाचाडला एका खानावळीत जेवायला बसलो. तिथे गड बघायला आलेल्या कॉलेजच्या मुलांनी त्याला ओळखलं. मग ह्यांनाही ओळखलं. सगळे उठून भोवती जमले आणि एकाने माझ्या हातात मोबाइल दिला. काकू, जरा फोटो काढता का?

मी काढला. हे एक पाऊल मागे उभे होते, हसत होते. मी मोबाइल परत देत होते तेवढ्यात पोरगा पुढे आला आणि हाताला धरून त्याने मला मध्ये उभं केलं. त्या मुलांनी विचारलं, या कोण?

"सर की वाइफ," तो म्हणाला. "पकड़ तो इन्हीं की है."

मुलं हसली. त्यांना वाटलं नवरा-बायकोवरचा विनोद आहे. हेही हसले. मीही हसले असणार, फोटोत तसं दिसतं.

घरी आल्यावर पोरगा आंघोळीला गेला. हे ओटीवर पाय सोडून बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि विचारलं,

"हिला घेऊन जावं, असं कधी वाटलं नाही का तुम्हाला?"

"कुठे?"

"मैदानावर."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही पकड विचारलीत. मला कधी विचारलंत?"

ह्यांनी टॉवेलची घडी केली, मोडली. मग म्हणाले, पुढच्या हंगामात चल माझ्याबरोबर. मी विचारलं, कोण म्हणून? ह्यांनी काहीतरी बनवून सांगितलं नाही, हे एक बरं केलं.

पोरगा धडधाकट होऊन गेला. पुढच्या हंगामात त्याने उजव्या कोपऱ्यातून भल्याभल्यांना पाडलं. मी प्रत्येक सामना पाहिला. त्याने चांगली पकड केली की मला टाळी वाजवावीशी वाटायची आणि त्याचा राग यायचा, दोन्ही एकदम.

गेल्या वर्षी ह्यांना कुठल्याच संघाचा फोन आला नाही. आता साठी उलटली, बाकावर तरुण माणसं आली. दिवाळीनंतर महाडच्या एका हायस्कूलच्या बाई घरी आल्या. मुलींचा संघ होता, शिकवायला कुणी नव्हतं. ह्यांनी मला न विचारताच सांगून टाकलं, "डावी बाजू मी बघतो. उजवा कोपरा ही बघेल."

मला आधी रागच आला. तरी गेले. आमच्या मुलीचे जुने बूट घातले, सलवारीचे पाय वर खोचले आणि रेघेच्या आत उभी राहिले. पहिल्याच मुलीने मला चकवलं, दुसरीचा घोटा हाताला लागला. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना, तरी संध्याकाळी परत गेले.

ह्यांचं शिकवणं तोंडी. शिट्टी गळ्यात, खेळ थांबवून समजावतील, मातीत रेघा काढून दाखवतील. खांद्यामुळे अंग टाकणं जमत नाही. मी मातीत पडून दाखवते. हळूहळू उजव्या बाजूच्या मुली माझ्या मागे मागे फिरू लागल्या. महिनाभराने एका संध्याकाळी डाव्या कोपऱ्यावरची मुलगी, ह्यांची सगळ्यात लाडकी, ह्यांच्या समोरून चालत माझ्याकडे आली.

"काकी, माझ्या हातातून पाय सुटतोय. बघा ना."

मी बघितलं. ती अंग उशिरा टाकत होती. दोन-तीनदा करून घेतलं आणि तिला जमलं. ती नाचतच सांगायला पळाली, पण मैत्रिणींकडे.

हे घरी आल्यावर म्हणाले, डावीकडून असं धरायची सवय लागली तर तिचा समतोल बिघडेल, मी इतकी वर्षं बघतोय. मी म्हटलं, असेल. जेवताना मान खाली. आमटीला मीठ कमी आहे म्हणाले. मीठ बरोबर होतं.

काय झालंय ते मला पहिल्या घासालाच कळलं. मी स्वतः त्यात इतकी वर्षं काढली आहेत, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ते मला लगेच दिसतं. ह्यांची समजूत घालावी असं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, अगदी मनापासून. मी आणखी भात घेतला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा माझ्याकडेच आली. मी तिला ह्यांच्याकडे पाठवलं नाही.