तरीच

"परवा दाखला घेऊन आलेल्या त्या बाई, त्या तुझ्या आई का गं?"

मी हो म्हणाले.

"तरीच," मॅडम म्हणाल्या.

बस. पुढे काही नाही. माझ्या फॉर्मवर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि टेबलाभोवती बसलेल्या आम्हा अकरा जणांकडे पाहून हसल्या. दोघेतिघे त्यांच्यासोबत हसले. मी वहीत तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

एम.ए.चा सेमिनार. आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत. त्या दिवसापर्यंत मी मॅडमची लाडकी होते. "हिचं इंग्लिश ऐका," त्या म्हणायच्या, "घरातलं वळण लगेच कळतं." कुठलं घर, ते त्यांनी कधी विचारलं नाही. मी नावापुढे वडिलांचं नाव लावायची आणि तिथेच थांबायची. आडनाव टाळायची. माझ्या पणजोबांनी छप्पन साली याच शहरात धम्मदीक्षा घेतली, हे या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. मॅडमना मी कुठल्या घरची वाटत होते, ते मला कळत होतं. मी त्यांची समजूत मोडली नाही.

आई धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात आया आहे. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं ते तिनंच. माझ्या तोंडी "मले, तुले" येऊ नये म्हणून घरातही माझ्याशी जपून बोलायची. ते तिला पाच मिनिटांच्या वर जमायचं नाही.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मला जातीचा दाखला जोडायचा होता. तो मी तीन दिवस घरी विसरत होते. म्हणजे आईला तसं सांगत होते. चौथ्या दिवशी ती ड्युटी संपवून थेट विभागात आली. अंगावर दवाखान्याची साडी, गळ्यात ओळखपत्र, हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखला. मी आणि मॅडम जिन्याजवळ उभ्या होतो.

"हे घे वं. आज आखरी तारीख हाय ना?" मग मॅडमना हात जोडून म्हणाली, "नमस्कार मॅडम. कागद द्याले आली होती."

ती वळली. मॅडमनी विचारलं, "कोण गं या?"

"ओळखीच्या आहेत," मी म्हणाले.

आई तेव्हा जिना उतरत होती. तिच्या चपलांचा आवाज एका पायरीवर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर जायचं टाळलं, तर तिनंच हाक मारली. "काहून वं, लपून राहिली? ओळखीची त हाओच मी. बावीस वर्सांची ओळख हाय आपली." आणि हसली. मीही हसायला गेले. जमलं नाही. त्यावर ती पुन्हा कधीच काही बोलली नाही.

ऑफिसात दिलेला तो फॉर्म दोन दिवसांनी सहीसाठी मॅडमच्या हातात गेला. त्यावर आडनाव होतं. मागे दाखला होता.

"तरीच"नंतर मॅडमनी मला थांबवून घेतलं. आवाज मायेचा होता. "थिअरी राहू दे आता. ती जड जाते. तुमच्या लोकांच्या अनुभवावर काहीतरी लिही. तुला ते छान जमेल." माझा पेपर तोच होता. इंग्लिश तेच होतं. आठवड्यापूर्वी त्यांनी तोच पेपर सगळ्या वर्गाला वाचायला दिला होता.

मग तो शब्द माझ्या मागे लागला. नळ सुरू केला की ऐकू यायचा. मेट्रोचं दार बंद होताना ऐकू यायचा. हा शब्द वाक्य अर्धं सोडतो. उरलेलं ऐकणाऱ्यानं भरायचं. मी दिवसभर ते भरत राहिले, मॅडमच्या आवाजात. तरीच आडनाव लावत नाही. तरीच इथे जागा मिळाली. तरीच आईला ओळख दिली नाही. हे शेवटचं खरं होतं. म्हणून मला मॅडमचा धड रागही करता येईना.

माझ्या प्रबंधाचा विषय मान्यता हा आहे. एखादा नवा देश देश कधी होतो? काही अभ्यासक म्हणतात, इतर देशांनी मान्यता दिली की. काही म्हणतात, तो आधीच असतो, इतर फक्त उशिरा कबूल करतात. मी पेपरात पहिली बाजू मांडली होती. विषय बदलायच्या आधी एकदा वाचावा म्हणून तो उघडला आणि माझंच वाक्य समोर आलं. इतरांच्या मान्यतेशिवाय अस्तित्व अपुरं असतं.

मला पायरीवर थांबलेली आई दिसली. बारा तास उभी राहून सुजलेले तिचे पाय. मी ओळख दिली नाही त्या क्षणीही ती तिथे होती. पूर्ण होती. अपुरं कोण होतं, ते मला कळलं. मी ते वाक्य खोडलं.

सोमवारी मॅडमनी नवा विषय विचारला. मी उभी राहिले.

"विषय तोच आहे, मॅडम. बाजू बदलली आहे."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं मी."

"त्या दिवशी तुम्ही 'तरीच' म्हणालात. वाक्य अर्धं राहिलं. पूर्ण कराल?"

त्या दिवशी हसलेला एक जण मोबाइलमध्ये बघायला लागला.

"मला नाही आठवत," मॅडम म्हणाल्या.

"मला आठवतं."

मग मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. त्या बाई ओळखीच्या नव्हत्या, माझी आई होती, मी खोटं बोलले, हेही सांगितलं. माझ्या इंग्लिशमध्ये नाही. मराठीत. आवाज फाटला, तरी सांगितलं.

विषयाच्या मंजुरीच्या कागदावर मॅडमची सही अजून झालेली नाही. "विचार कर," एवढंच पेन्सिलीनं लिहून तो त्यांनी परत पाठवला. आईच्या चपला माझ्या कानात त्या पायरीवर अजून थांबतात. मी त्या आवाजाला जा म्हणत नाही.

मान्यता द्यायचा अधिकार देणाऱ्याकडे आला कुठून, हा आता माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. पेन्सिलीचे ते दोन शब्द मी खोडलेले नाहीत. त्यांच्याखाली शाईनं माझं पूर्ण नाव लिहिलं आहे, आणि येत्या सोमवारी तोच कागद मी पुन्हा मॅडमसमोर ठेवणार आहे.